वाचकांचे प्रश्न: मोफत वकील कुणाला, कुठे आणि कसा?

मागच्या अंकात मी चार ओळी लिहिल्या होत्या, की ज्याला वकील परवडत नाही त्याला सरकारी खर्चाने वकील मिळतो आणि ही सोय फक्त फौजदारी केसला नाही तर जमीन, मजुरी, नुकसान भरपाई, पोटगी अशा दिवाणी भांडणाला पण आहे. त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. बहुतेक पत्रं शेतमजुरांची, ऊसतोड कामगारांची, एकट्या राहणाऱ्या बायकांची आणि एक-दोन एकरवाल्यांची आहेत. नावं छापत नाहीये, तशी विनंतीच होती.

एक गोष्ट आधी सांगते, कारण निम्म्या पत्रांत हेच विचारलंय की "ताई, तुमच्या ओळखीने काम होईल का". ओळख लागत नाही. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे, तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला, त्याच्या कलम १२ मध्ये कुणाला वकील द्यायचा ते स्पष्ट लिहिलंय, आणि त्यात तुम्ही बसत असाल तर कुणाच्या मेहरबानीचा प्रश्नच येत नाही.

प्रश्न: माझे मालक दोन वर्षांपूर्वी वारले. दीर म्हणाले वारस नोंद करायचीय, म्हणून तालुक्याला नेऊन दोन-तीन कागदांवर अंगठे घेतले. आता सातबारा काढला तर त्यावर ना माझं नाव ना दोन्ही मुलींचं. मी लोकांच्या रानात खुरपायला जाते. इथल्या वकिलांनी तीस हजार सांगितले. सगळे म्हणतात अंगठा दिला म्हणजे विषय संपला. खरंच संपला का? (लातूर जिल्हा)

नाही संपला ताई. आधी वकिलाचं बघू.

तुम्ही बाई आहात एवढंच पुरेसं आहे. कलम १२ मध्ये महिला आणि लहान मुलं यांना उत्पन्नाची अटच नाही, तुमची कमाई किती हे विचारायचं कारणच नाही. तसंच अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांना, अपंग व्यक्तींना, वेठबिगारी किंवा मानवी तस्करीला बळी पडलेल्यांना, पूर-दुष्काळ-भूकंपात सापडलेल्यांना पण उत्पन्न न बघता वकील मिळतो. बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांच्या आत उत्पन्न पाहिजे. इथे पण लोक दाखल्यासाठी चकरा मारून थकतात, पण कायद्यातच म्हटलंय की तुम्ही उत्पन्नाबद्दल केलेलं प्रतिज्ञापत्र पुरेसं धरता येतं, ते खोटं वाटायला काही कारण असेल तरच पुढची चौकशी.

तालुक्याच्या कोर्टात जा. कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समितीचं ऑफिस असतं, बोर्ड दिसला नाही तर कोर्टातल्या कुठल्याही शिपायाला "विधी सेवा" एवढं विचारलं तरी दाखवतील. अर्ज साधाच असतो, लिहिता येत नसेल तर तिथला माणूस किंवा विधी स्वयंसेवक तुमचं ऐकून लिहून घेतो, खाली अंगठा चालतो. नियम असा आहे की अर्जावर लवकरात लवकर आणि जास्तीत जास्त ७ दिवसांत निर्णय झाला पाहिजे. अर्जाची पोच घेतल्याशिवाय मात्र उठू नका, तारीख टाकलेली पोच. आणि नाही म्हणाले तर समितीच्या अध्यक्षांकडे अपील करता येतं, ते तिथलेच न्यायाधीश असतात. वकिलाची फी, कोर्ट फी, समन्सचा खर्च, टायपिंग, नकला, कागदांचं भाषांतर हे सगळं त्यात आलं.

आता तुमच्या जमिनीचं. तुम्ही नेमका कशावर अंगठा दिला हे तुम्हालाच माहीत नाही, म्हणून पहिलं काम म्हणजे त्या फेरफाराची (सातबाऱ्यावरची नावं बदलल्याची नोंद) नक्कल आणि त्याला जोडलेले सगळे कागद काढा, तलाठ्याकडून (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) किंवा तहसीलच्या रेकॉर्डमधून. त्यात तीन शक्यता असतात. एक, तुमचं हक्कसोडपत्र दाखवलेलं असेल आणि ते दुय्यम निबंधकाकडे नोंदलेलं असेल. दुसरी, हक्कसोडपत्र असेल पण साध्या स्टॅम्पवर, न नोंदवलेलं, मग ते जमिनीच्या बाबतीत जवळपास टिकतच नाही, कारण जमिनीतला हक्क सोडायचा तर दस्त नोंदवावा लागतो. तिसरी, जी खेड्यात सगळ्यात जास्त बघितलीय, हक्कसोड वगैरे काहीच नाही, नुसता जबाब लिहून घेतला की "वारस फक्त भाऊच आहेत" किंवा "आम्हाला हिस्सा नको", आणि त्यावर नोंद मंजूर करून टाकली.

फेरफार नोंद म्हणजे मालकी नाही हे डोक्यात पक्कं बसवा. सातबारा हा महसूल वसुलीसाठीचा रेकॉर्ड आहे, त्यावरून नाव गेलं म्हणून हक्क जात नाही. नवऱ्याच्या हिश्श्यात विधवा बायको आणि मुली या हिंदू वारसा कायद्याने पहिल्या वर्गाच्या वारस आहेत, दीर त्यांच्या आधी येतच नाही. त्यामुळे दोन रस्ते आहेत आणि बरेचदा दोन्ही एकदम धरावे लागतात. प्रांताकडे (म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे) फेरफाराविरुद्ध अपील, त्याची मुदत ६० दिवसांची, ती उलटून गेली असली तरी उशीर का झाला ते सांगून माफी मागता येते. आणि दिवाणी कोर्टात वाटपाचा दावा, त्यातच फसवून घेतलेला दस्त असेल तर तो रद्द करायची मागणी. दस्त रद्द करायला फसवणूक तुम्हाला कळली तेव्हापासून ३ वर्षं असतात, म्हणून सातबारा नेमका कधी काढलात ती तारीख लिहून ठेवा, त्या उताऱ्यावर तारीख छापलेली असते, तो फेकू नका. मुली तेव्हा १८ च्या आतल्या असतील तर त्यांच्या वतीने हक्क सोडताना कोर्टाची परवानगी घेतली होती का हा मुद्दा वकिलाला आवर्जून सांगा. आणि दीर जमीन विकायच्या तयारीत आहेत अशी कुणकुण असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा, कारण मग दाव्याबरोबरच मनाई हुकूम मागावा लागतो आणि तिथे आठवडे घालवून चालत नाही.

ज्यांच्या घरात अजून काही घडलेलं नाही त्यांनी पण एक करा. घरातलं माणूस गेलं की वारसाची वर्दी तीन महिन्यांच्या आत तुम्ही स्वतः द्या. नोंद धरली की नमुना ९ ची नोटीस निघते, हरकत घ्यायला १५ दिवस असतात. "आपली चावडी" या सरकारी वेबसाईटवर गावातल्या चालू फेरफारांच्या नोटिसा मोबाईलवर दिसतात, शाळेत जाणारी पोरगी सुद्धा बघून सांगू शकते. आणि वाचून दाखवल्याशिवाय, दुसऱ्या कुणीतरी, घरातल्या नाही, वाचून दाखवल्याशिवाय अंगठा नाही.

प्रश्न: आम्ही नवरा-बायको एक कोयता (ऊस तोडणारी जोडी). मुकादमाकडून ७० हजार उचल (अॅडव्हान्स) घेतली. कारखान्याचा पट्टा पडला (हंगाम संपला) तरी म्हणतो ४५ हजार अंगावर आहेत, पुढच्या हंगामाला माझ्याच टोळीत यायचं नाहीतर बघून घेतो. उचल देताना दोन कोरे चेक आणि सही केलेला स्टॅम्प घेतला होता. आता चेक बाउन्सची वकिलाची नोटीस आलीय. काय करू? (बीड जिल्हा)

दादा, आधी नोटीस, बाकीचं नंतर. नोटीस कुठल्या तारखेला हातात पडली ते पाकिटावर लिहा आणि पाकीट पण ठेवा. चेकच्या नोटिशीत पैसे भरायला १५ दिवस असतात, ते उलटले की समोरच्याला कोर्टात तक्रार करता येते. बरेच जण घाबरून नोटीस घेतच नाहीत किंवा घेऊन ट्रंकेत टाकतात, आणि मग वॉरंट आल्यावर धावतात. उत्तर द्यायलाच पाहिजे, आणि नुसतं उत्तर द्यायला पण विधी सेवेचा वकील मिळतो, केस उभी राहायची वाट बघायची गरज नाही. चेकवर सही तुमची असेल तर कायदा आधी असंच धरतो की देणं होतं म्हणून चेक दिला, ते खोडून काढायचं काम तुमच्यावर येतं, म्हणून हिशोब पाहिजे. किती टन तोडला, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, गाडीचा नंबर, कारखान्याच्या वजनाच्या पावत्या, मुकादमाने मधे किती खर्ची दिली, फोनवरचे मेसेज, टोळीतले आणखी दोघं-तिघं काय सांगतील, जे असेल ते. वहीत पेन्सिलने लिहिलेलं असलं तरी आणा, आणि जे आठवतंय ते आजच बसून लिहा.

आता उचलीचं. प्रत्येक उचल म्हणजे वेठबिगारी नाही, अॅडव्हान्स घेऊन काम करणं हा गुन्हा नाही आणि सगळेच मुकादम असे वागत नाहीत. पण उचलीच्या बदल्यात "दुसरीकडे कामाला जायचं नाही, गावाला जायचं नाही, माझ्याच टोळीत यायचं" अशी सक्ती आली की मामला बदलतो. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात हेच लिहिलंय, घेतलेल्या पैशापोटी माणसाचं काम निवडायचं किंवा हिंडायफिरायचं स्वातंत्र्य गेलं तर ती वेठबिगारी. आणि तसं ठरलं की ते कर्ज फेडायची जबाबदारीच संपते. त्याहून कामाचं, तुम्ही म्हणालात की हे वेठबिगारीचं कर्ज आहे, तर तसं नाही हे सिद्ध करायचं ओझं पैसे देणाऱ्यावर येतं, तुमच्यावर नाही. हे कलम गावात कुणालाच माहीत नसतं आणि माझ्या मते ऊसतोडीच्या पट्ट्यात प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून ठेवलं पाहिजे.

याचा अर्ज जिल्हाधिकारी किंवा प्रांताकडे करायचा, चौकशी होऊन वेठबिगारी निघाली तर मुक्ती प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावर पुनर्वसनाची मदत मिळते. "बघून घेतो" ही धमकी आहे, कुणी अडवून ठेवलं, मारहाण केली, मोटरसायकल ओढून नेली तर पोलिसांत वेगळी तक्रार.

मजुरीबद्दल पण एक सांगते. १९८२ साली दिल्लीच्या एशियाड बांधकामावरच्या मजुरांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवून घेणं ही सुद्धा राज्यघटनेच्या कलम २३ मधली सक्तीची मजुरी आहे. आणि विधी सेवा कायद्याच्या यादीत त्याच कलम २३ च्या बळींना उत्पन्न न बघता वकील द्यायला सांगितलंय. म्हणजे तुमचं दोघांचं उत्पन्न ३ लाखांच्या आत-बाहेर हा वाद कुणी घातला तरी तुमची बाजू भक्कम आहे. शेतीतल्या कामाला पण सरकारने किमान वेतन ठरवलेलं असतं, "शेतात कसलं आलंय किमान वेतन" असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

काम सांगली-कोल्हापूर-बेळगावकडे आणि घर बीडला, मग अर्ज कुठे करायचा असं पण विचारलंत. जिथे आहात तिथे करा. १५१०० हा टोल फ्री नंबर देशभर चालतो, कोपीवरून (तोडीवरच्या झोपडीतून) फोन केलात तरी तुम्हाला जवळच्या ऑफिसला जोडून देतात.

प्रश्न: धाकटा भाऊ ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरखाली सापडून गेला, सांगली जिल्ह्यात. आम्ही परभणीचे. ट्रॅक्टरमालक १ लाख देतो म्हणतो पण "आमची काही तक्रार नाही" असं स्टॅम्पवर लिहून मागतोय. एक वकील म्हणतो खर्च सगळा माझा, मिळतील त्यातले ३० टक्के माझे. वहिनी आणि दोन पोरं आहेत.

लिहून देऊ नका. आत्ता चुलीला पैसे लागतात हे मला कळतं, पण त्या एका कागदावर पुढची सगळी केस लंगडी होते.

हे प्रकरण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातं. आणि दूरच्या लोकांसाठी यात एक फार चांगली सोय आहे, दावा अपघात झाला तिथेच करायला पाहिजे असं नाही, वारस जिथे राहतात त्या जिल्ह्यात करता येतो. म्हणजे परभणीलाच करा, तारखेला सांगलीला जायची गरज नाही. वेळ मात्र घालवू नका, १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांच्या आत अर्ज करायची अट कायद्यात आलीय. ज्यांचे सहा महिने होऊन गेलेत त्यांनी पण "आता काय उपयोग" म्हणून घरी बसू नये, वकिलाला भेटून घ्या.

अर्ज वहिनींच्या नावाने करा, बरोबर पोरं आणि आई-वडील असतील तर ते पण. वहिनींना उत्पन्नाची अट नाही हे वर सांगितलंच. कागद लागतील ते म्हणजे एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, पोस्टमॉर्टेम रिपोर्ट, ट्रॅक्टर-ट्रॉलीचं आरसी आणि इन्शुरन्स, ड्रायव्हरचं लायसन्स, भावाचं आधार म्हणजे वय कळेल, आणि कमाईचा काही ना काही पुरावा. पोलीस स्टेशनचे कागद तिकडून आणायला त्रास होतो, तेव्हा परभणीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना सांगा, ते सांगलीच्या प्राधिकरणाला पत्र देऊन मागवू शकतात.

भरपाई ठरताना वय, कमाई आणि मागे किती जण अवलंबून होते हे बघतात. पगाराची स्लिप नाही म्हणून काही मिळत नाही असं नसतं, मजुराची कमाई किमान वेतनावरून किंवा अंदाजाने धरतात. चूक कुणाची हे सिद्ध करायच्या भानगडीत न पडता घ्यायची रक्कम पण कायद्यात आहे, मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख. चूक सिद्ध करून पूर्ण भरपाई मागितली तर तरुण, कमावत्या माणसाच्या बाबतीत रक्कम बरेचदा याच्या कितीतरी वर जाते. आता या दोन आकड्यांशेजारी मालकाचे १ लाख ठेवून बघा. कामावर असताना झालेला अपघात असेल तर कामगार नुकसान भरपाईचा रस्ता पण असतो, पण दोन्हीकडून घेता येत नाही, एकच निवडावा लागतो, कुठला परवडेल ते वकिलाशी बोलून ठरवा. ट्रॉलीवर बसून जाताना अपघात झाला असेल तर विमा कंपनी हात वर करायला बघते, म्हणून भाऊ नेमका कुठे होता, चालत होता, ऊस भरत होता की वर बसला होता, ते बघणाऱ्यांची नावं आत्ताच लिहून ठेवा, हंगाम संपला की साक्षीदार चार जिल्ह्यांत पांगतात.

आणि ते ३० टक्के. भरपाईत टक्केवारी ठरवून केस घेणं वकिलांच्या नियमांत बसतच नाही, बार कौन्सिलने त्याला मनाई केलीय. पोरांच्या तोंडचा घास आहे तो, कुणालाही लिहून देऊ नका.

प्रश्न: वडिलांनी मुलीच्या लग्नाला सावकाराकडून २ लाख घेतले, त्याने दीड एकराचं खरेदीखत करून घेतलं, तोंडी ठरलं की पैसे दिले की जमीन परत. व्याजासकट पैसे फिटले तरी आता म्हणतो जमीन मी विकत घेतलीय. खरेदीखतापुढे काही चालतं का? (जालना)

चालतं. अशा "खुश खरेदी"साठीच महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा, २०१४ मध्ये कलम १८ आहे. सावकारीच्या व्यवहारातून गेलेली जमीन, कागद खरेदीखताचा असला तरी, मागच्या १५ वर्षांतली असेल तर जिल्हा निबंधक (या कायद्यापुरते ते म्हणजे सहकार खात्याचे जिल्हा उपनिबंधकच) चौकशी करून तो दस्त रद्द ठरवू शकतात आणि जमीन परत द्यायचा हुकूम करू शकतात. अर्ज सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांच्या ऑफिसला करायचा, तालुक्याला सहायक निबंधक बसतात तिथे पण घेतात. म्हणजे लगेच दिवाणी कोर्टात जाऊन वर्षानुवर्षं बसायची गरज नाही.

पुराव्याचं बघा. तोंडी व्यवहार होता म्हणून रडत बसू नका, कितीतरी गोष्टी बोलतात. खरेदीनंतरही जमीन तुम्हीच कसत होतात का, पीकपाहणीला कुणाचं नाव आहे, त्या वेळचा सरकारी भाव काय आणि खरेदीखतात किंमत किती लावलीय, बँकेतून काढून सावकाराला दिलेले पैसे, त्याच माणसाने गावात आणखी किती जणांच्या जमिनी अशाच लिहून घेतल्या. हा शेवटचा मुद्दा सगळ्यात वजनदार असतो, चार-पाच घरांनी मिळून अर्ज केले की सावकारीचा धंदा होता हे आपोआप दिसतं. त्याच्याकडे लायसन्स आहे का ते पण त्याच ऑफिसात कळतं. लायसन्स नसताना सावकारी करणं गुन्हा आहे, ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. लायसन्स असलं तरी शेतकऱ्याला तारण कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि बिनतारण १२ टक्के एवढीच व्याजाची मर्यादा आहे, महिन्याला ३ रुपये ५ रुपये शेकडा जे चालतं ते कुठल्याच कायद्यात बसत नाही.

या अर्जाला पण मोफत वकील मिळतो. ते पुढच्या प्रश्नात.

प्रश्न: शेताचा वहिवाटीचा रस्ता शेजाऱ्याने अडवलाय. केस तहसीलदारापुढे आहे. मोफत वकील फक्त कोर्टात मिळतो असं एकाने सांगितलं.

चुकीचं सांगितलं. विधी सेवा कायद्यात "कोर्ट" म्हणजे दिवाणी, फौजदारी आणि महसूल कोर्ट, शिवाय निवाडा करणारं कुठलंही प्राधिकरण किंवा न्यायाधिकरण. म्हणजे तहसीलदार, प्रांत, वरचे जिल्हा निबंधक सगळे आले. अडवलेल्या रस्त्याचा अर्ज मामलेदार कोर्ट कायदा, १९०६ खाली करायचा, रस्ता अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. नवीनच रस्ता बांधावरून पाहिजे असेल तर तो वेगळा अर्ज, जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली. दोन्हीची गल्लत झाली की अर्ज फेटाळतात, म्हणून कुठला अर्ज केलाय ते आधी तपासून घ्या.

प्रश्न: बँकेकडून लोकअदालतीची नोटीस आलीय, पीककर्ज थकलंय. नाही गेलो तर पकडतील का? गेलो तर सही करावीच लागते का? (वाशीम)

पकडत नाहीत काका, ते समन्स नाही. तडजोडीला या असं बोलावणं आहे. पण जा. मुद्दल-व्याजात सूट द्यायची बँकेची तयारी अशा वेळी जास्त असते आणि आधी चाललेली केस तिथे मिटली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. सही करायची सक्ती कुणीच करू शकत नाही, लोकअदालत दोघांच्या संमतीशिवाय काही ठरवत नाही, जमलं नाही तर उठून यायचं, तुमचे हक्क तसेच राहतात.

सही केली की मात्र ते कोर्टाच्या हुकुमासारखं होतं आणि त्यावर अपील नाही. म्हणून "पुढच्या महिन्यात एकरकमी भरतो" असं जोशात कबूल करू नका. सोयाबीन कधी निघणार, हातात किती येणार, त्या हिशोबाने हप्ते मागा. कर्ज फार जुनं असेल, कित्येक वर्षांत ना भरणा ना नोटीस, तर कुठल्याही कबुलीवर सही करायच्या आधी विधी सेवेच्या वकिलाला कागद दाखवा. लोकअदालतीच्या दिवशी ते तिथेच असतात, पण गर्दी असते, म्हणून आठवडाभर आधी जाऊन भेटा.

प्रश्न: मोफत वकील मिळाला पण तो दर तारखेला पाचशे मागतो आणि स्वतः येतच नाही. फुकटचा वकील असाच असणार का?

असा असता कामा नये. पॅनलवरच्या, म्हणजे विधी सेवेच्या यादीतल्या, वकिलाला तुमच्याकडून एक रुपया घ्यायची परवानगी नाही, त्याचं मानधन प्राधिकरण देतं. ते मानधन तुटपुंजं आहे हे खरं आणि ते वाढलं पाहिजे असं मी कायम म्हणत आलेय, पण त्याची भरपाई खुरपणाऱ्या बाईच्या पदरातून करायची नसते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार द्या, ते न्यायाधीशच असतात. किती मागितले, कधी, कुणासमोर, कुठल्या तारखेला वकील हजर नव्हता एवढं लिहिलं तरी पुरतं. वकील बदलून मागायचा तुम्हाला हक्क आहे, आणि तक्रार केली म्हणून केस बंद होत नाही.

केसवर तुम्ही स्वतः पण लक्ष ठेवा. प्रत्येक केसला सीएनआर नंबर असतो, तो वकिलाकडून कागदावर लिहून घ्या. ई-कोर्ट्स अॅपमध्ये तो टाकला की पुढची तारीख आणि मागच्या तारखेला काय झालं ते दिसतं. काम चांगलं करणारे पॅनल वकील मी भरपूर बघितलेत, मन लावून लढणारे, आणि पक्षकार स्वतः तारखा विचारतोय असं दिसलं की टाळाटाळ करणारा पण जागा होतो.

प्रश्न: मी बारावी झालोय, वस्तीवर लोकांना अर्ज लिहून देतो. या कामात अधिकृतपणे येता येईल का? (नंदुरबार)

येता येईल. विधी स्वयंसेवक म्हणून जिल्हा विधी सेवा प्राधिकरण माणसं घेतं, ट्रेनिंग देतं, ओळखपत्र देतं, आणि कामाच्या दिवसांचं थोडं मानधन असतं, पगार समजून येऊ नका. वकील असायची गरज नाही. भरती निघते तेव्हा नोटीस जिल्हा कोर्टाच्या बोर्डावर आणि वेबसाईटवर लागते, पण तुम्ही आत्ताच सचिवांना भेटून नाव देऊन ठेवा. तुमच्या भागातली बोली तुम्हाला येते हे अर्जात पहिल्या ओळीत लिहा, आदिवासी जमिनींच्या केसमध्ये बरंचसं नुकसान म्हातारी माणसं काय सांगतायत तेच साहेबांना कळत नाही म्हणून होतं.